बयेचं तोंड

मिस्तरी परदेशात पोहोचले आणि तिथे त्यांनी सगळ्यात आधी काय पाहिलं, तर हॉटेलच्या खोलीतलं कपाट. खिडकीबाहेर समुद्र पसरला होता. सहलीतली बाकीची माणसं सामान तसंच टाकून गच्चीवर पळाली होती आणि एकमेकांना कोपरं मारत फोटो काढत होती. मिस्तरी मात्र कपाटासमोर गुडघे टेकून दार उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडून कान देऊन ऐकत होते.

“बिजागरीला भोकं चार आणि स्क्रू तीनच,” ते म्हणाले. “चौथा कुठे गेला?”

“समुद्रात,” बायको म्हणाली. “चला, बुड्या मारून शोधू.”

एवढं बोलून ती स्वतःच हसली आणि हसताना नेहमीप्रमाणे तिने तोंडावर हात धरला. मिस्तरींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खिशातल्या किल्लीने तिसरा स्क्रू आवळत होते.

मिस्तरींना फट सहन होत नसे. दार आणि चौकट यांच्यातली फट, फळी आणि फळीतली फट, लाकूड वाळताना त्याला पडणारी फट, यातली कुठलीही दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं, पलंग, दारं केली आणि फटी बुजवल्या. लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवायचा, ती लांबी, म्हणजे तो लगदा, फटीत दाबून भरायची, वाळली की पॉलिशपेपरने घासायची. नंतर वरून नख फिरवलं तरी अडकायचं नाही. आपण भरलेली फट आजवर एकदाही उघडलेली नाही, हे ते कोणी विचारलं नाही तरी सांगायचे. लग्नाच्या मांडवात सांगायचे, दवाखान्यात सांगायचे, एकदा तर अंत्ययात्रेत तिरडीचे बांबू बघून सांगितलं होतं.

त्यांच्या बायकोला सगळे मिस्तरीणबाई म्हणत. बाईंनी आयुष्यात नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. लोकांच्या घरी मिस्तरींच्या हातचं सुबक फर्निचर होतं आणि त्यांच्या स्वतःच्या घरी उरलेल्या तुकड्यांचं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तीन दारं होती आणि तिन्हींचे रंग तीन गिऱ्हाइकांचे होते. बाईंनी त्यावरही कधी तक्रार केली नाही. आलेल्या पाहुण्यांना त्या कौतुकाने सांगायच्या की हे डॉक्टरांचं दार, हे वकिलांचं आणि ते खालचं शाळेचं. मग तोंडावर हात धरून हसायच्या. ही बाई फार मर्यादशील आहे, असा त्यामुळे लोकांचा समज झाला होता.

मुलाने आणि सुनेने मिळून दोघांना या सहलीत ढकललं होतं. सहलीची सूत्रं गाईडबाईंच्या हातात होती. गाईडबाई आपल्याकडच्याच, पण तिथली भाषा फाडफाड बोलायच्या. गळ्यात शिट्टी, हातात लाल छत्री आणि तोंडात सतत आकडे. माणसं बावीस होती आणि दर दहा मिनिटांनी ती त्यांना कमी भरायची. रात्री झोपेतही बाई बावीसपर्यंत मोजत असतील, असं सहलीतल्या लोकांचं मत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना लाकडी मूर्तींच्या गल्लीत नेलं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांतून हत्ती, मासे, मुखवटे, घुबडं, एकमेकांना मिठ्या मारणारी जोडपी असा सगळा लाकडी संसार रस्त्यावर आला होता. मंडळी तुटून पडली. आणि मिस्तरींची चंगळ झाली.

“मिस्तरी, हे हाताने कोरलंय का हो?”

मिस्तरी घुबड उलटं करत, बूड बघत, अंगठा फिरवत आणि निकाल देत. “मशीन. पाती सगळीकडे सारखी फिरलीय. माणसाचा हात एवढा शहाणा नसतो.” पुढच्या दुकानात हत्ती. “रंग काढा, खाली खोक्याचं लाकूड निघेल.” त्याच्या पुढच्या दुकानात मिठी मारलेलं जोडपं. “ही दोघं वेगळी केलीत आणि नंतर चिकटवलीत. थंडीत सुटतील.” दुकानदारांना भाषा कळत नव्हती, पण या टोपीवाल्या म्हाताऱ्याने वस्तू हातात घेतली की गिऱ्हाईक जातं, हे त्यांना तिसऱ्या दुकानापर्यंत कळलं. चौथ्या दुकानदाराने मिस्तरी येताना पाहून शटर अर्धं ओढलं.

गल्ली संपत होती तिथे पत्र्याचं छप्पर घातलेली एक उघडी जागा होती. बाहेर अंगणात ओंडके पडले होते, उन्हात, वाऱ्यात, कोणाला नकोसे झाल्यासारखे. ते पाहून मिस्तरी कळवळले.

“लाकूड असं उन्हात टाकतात? तडकेल ना सगळं!”

आत एक म्हातारी जमिनीवर बसली होती. दोन्ही पायांच्या तळव्यांत तिने ओंडका पकडला होता आणि पटाशीवर लाकडी हातोडी हाणत होती. बाईच्या हातात पटाशी बघायची मिस्तरींना सवय नव्हती. ते तिच्या हातांकडे दोष शोधत बघत राहिले आणि दोष न सापडल्याने जरा नाराज झाले.

मिस्तरीणबाई मात्र हातांकडे बघत नव्हत्या. त्या फळीवरच्या एका मूर्तीसमोर उभ्या होत्या. हातभर उंचीची लाकडी बाई. गुडघे फाकवून बसलेली, मांड्यांवर हात टेकलेले, मान मागे टाकलेली आणि हसत असलेली. तोंड एका गालावरून निघालं होतं ते वाकडंतिकडं होत थेट पलीकडच्या कानापर्यंत गेलं होतं. ओठ नाहीत, दात नाहीत, नुसतं उघडं तोंड. कोणी काही चावट बोललं असेल आणि हिला आवरत नसेल, अशी ती हसत होती.

बाईंना त्या हसण्याची लागण झाली. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या दुकानातली मंडळी वळून बघायला लागली. हात वर गेला, मध्ये थांबला, मग सवयीने तोंडावर गेलाच.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ही बया मला हवी.”

मिस्तरी जागीच थांबले. ‘हवी’ हा शब्द त्यांनी बायकोच्या तोंडून गॅसच्या टाकीबद्दल ऐकला होता, मुलाच्या वह्यांबद्दल ऐकला होता. स्वतःसाठी कधीच नाही. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी मूर्ती हातात घेतली, आडवी केली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“अगं, हे तोंड नाही. हा तडा आहे. हे बघ, बोट जातंय आत.”

“जाऊ दे बोट.”

“तडकलेला माल आहे. दुसरी घे.”

“दुसरी हसत नाही.”

मिस्तरींनी मग निदान त्या तड्याचा फायदा उठवायचं ठरवलं. फटीत बोट घालून ते म्हातारीसमोर नाचवलं आणि भाव पाडायची खूण केली. म्हातारी काहीतरी म्हणाली. गाईडबाईंनी सांगितलं, “ती म्हणते, तडा फुकट आहे. पैसे लाकडाचे.”

मग म्हातारीने पटाशी खाली ठेवली आणि बाहेरच्या ओंडक्यांकडे हात करून, बयेच्या तोंडाकडे बोट दाखवून, बराच वेळ मन लावून काहीतरी सांगितलं. गाईडबाई एकीकडे ऐकत होत्या आणि एकीकडे छत्रीच्या टोकाने माणसं मोजत होत्या. एकोणीसच भरत होती.

“काय म्हणते?” मिस्तरींनी विचारलं.

“कोरडी ठेवा म्हणते,” गाईडबाई म्हणाल्या आणि शिट्टी फुंकत उरलेले तीन शोधायला धावल्या.

बया हॉटेलात आली. बाईंनी तिला खिडकीत समुद्राकडे तोंड करून बसवलं, मग विचार बदलून खोलीकडे तोंड करून बसवलं आणि पलंगावर बसून तिच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना होडीतून फिरायला जायचं होतं. मिस्तरी म्हणाले, गुडघा दुखतोय, तू जा. गुडघा ठणठणीत होता. त्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. बायकोने चाळीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं आणि तिला आपण फुटका माल घेऊन दिला, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ही तिची वस्तू, ती निर्दोष असली पाहिजे. माणूस प्रेमापोटी जो गाढवपणा करतो तो रागापोटी कधीच करत नाही.

होडी गेल्यावर मिस्तरी बयेला काखोटीला मारून हॉटेलच्या तळघरात उतरले. तिथे हॉटेलचा सुतार मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात बसला होता. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं. मिस्तरींनी डाव्या हाताचा अंगठा दाखवला. हातोडी खाऊन खाऊन त्याचं नख काळं आणि चपटं झालं होतं. सुताराने आपला डावा अंगठा दाखवला. तोही तसलाच. त्यानंतर भाषेचं काही अडलं नाही. सरस आला, पटाशी आली, पॉलिशपेपर आला, चहा आला.

काम त्यांनी रीतसर केलं. फट भरायची तर आधी तिचे काठ सरळ कापून घ्यावे लागतात, नाहीतर लांबी धरत नाही. तर मिस्तरींनी बयेच्या तोंडाचे वेडेवाकडे काठ पटाशीने रेघेसारखे सरळ केले. तिच्याच बुडाला कानस मारून भुसा काढला, म्हणजे रंगात रंग मिसळावा. लांबी दाबून भरली, पंख्याखाली वाळवली, आधी जाड मग बारीक कागदाने घासली. शेवटी दोघा सुतारांनी आळीपाळीने तिच्या गालावरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. हॉटेलच्या सुताराने मिस्तरींच्या पाठीवर थाप मारली आणि डोळे पुसायचं नाटक केलं. एवढं सुंदर काम त्या तळघरात पूर्वी झालं नसावं, आणि ते सुंदर आहे असं म्हणणारी त्या देशात ती दोनच माणसं होती.

संध्याकाळी बाई परत आल्या तेव्हा बया टेबलावर टॉवेल पांघरून बसली होती. मिस्तरी शेजारी उभे होते. “डोळे मीट,” ते म्हणाले. बाईंनी मिटले. मिस्तरींनी टॉवेल ओढला. “उघड.”

बाईंनी उघडले. मान मागे टाकलेली, मांड्यांवर हात टेकलेली एक बाई तिथे बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर नाकाखाली काहीच नव्हतं.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

“तीच की. नख फिरवून बघ. शोधून सापडायचा नाही कुठे होता तडा.”

“हसत होती ती कुठे गेली?”

“अगं, तडा होता तो. आज ना उद्या वाढला असता, दोन तुकडे झाले असते. आता शंभर वर्षं...”

“दुकान उघडलं तेव्हाचा फोटो आठवतो तुम्हाला?” बाईंनी मध्येच विचारलं. आवाज शांत होता, त्यामुळे मिस्तरी घाबरले.

“कुठला?”

“आपण दोघं पाटीखाली उभे. फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसले. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, तोंड मीट, फट दिसते.”

बाईंच्या पुढच्या दोन दातांत फट होती. होती म्हणजे आहेच. मिस्तरींना ते आठवत नव्हतं, मग आठवलं. पाटीच्या रंगाचा वास आठवला, नव्या शर्टाची टोचणारी कॉलर आठवली आणि आपण ते अगदी चांगल्या मनाने सांगितलं होतं, हेही आठवलं.

“तेव्हापासून मी हात धरते,” बाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं झाली. काल ही दिसली. म्हटलं, आपल्याला नाही जमलं तर नाही, पण घरात एक तरी बाई तोंड उघडून हसेल. माझं तोंड बुजवलंत ते बुजवलंत, आता हिचंही बुजवलंत?”

मिस्तरींना इतकी लाज वाटली की बसायला खुर्ची समोर असून ते उभेच राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं आणि आज ठेवलं ते बायकोने. वर ते बरोबर होतं.

“मला ती होती तशी पाहिजे,” बाई म्हणाल्या. “नाहीतर इथेच राहू दे. हे असलं तोंड मला घरी रोज बघायचं नाही. एक आहे तेवढं पुरे.”

सकाळी विमानतळाची बस होती. मिस्तरींनी गाईडबाईंच्या अक्षरशः पाया पडून अर्धा तास मिळवला, त्यांनाही सोबत घेतलं आणि बयेला कवटाळून गल्लीच्या टोकापर्यंत जवळजवळ पळत नेलं. ठणठणीत गुडघा आता खरोखरच दुखत होता. म्हातारी नुकतीच कामाला बसत होती. मिस्तरींनी मूर्ती तिच्या पुढ्यात ठेवली आणि गुन्हा कबूल केल्यासारखी मान खाली घातली.

म्हातारीने बयेच्या गालावरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. उजेडात धरून बघितलं, चष्मा लावून बघितलं. मग शेजारच्या दोन दुकानदारांना हाका मारल्या. त्यांनीही नखं फिरवली. तिघांनी मिळून मिस्तरींकडे अशा आदराने पाहिलं की मिस्तरींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ती विचारतेय, इथे कामाला राहता का?” गाईडबाई म्हणाल्या.

“तिला सांगा, मला तोंड परत उघडून द्या. काय लागेल ते देतो.”

म्हातारीने मान हलवली आणि परवा सांगितलं होतं तेच पुन्हा सांगू लागली. या खेपेला गाईडबाई माणसं मोजत नव्हत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा ओशाळला.

“ती म्हणते, तोंड ती कधीच कोरत नाही. ओंडका उघड्यावर टाकते. वर्ष, दोन वर्षं. ऊन खाऊन लाकूड आपलं आपण तडकतं. जिथे तडकेल ते तोंड. मग त्याच्याभोवती ती बाकीची बाई कोरते. तडा असेल तसा चेहरा. कोणी रडतं, कोणी शिव्या देतं. हसणारी चार-पाच वर्षांत एखादी निघते.” गाईडबाई छत्रीशी चाळा करत म्हणाल्या, “हे ती परवाही सांगत होती. मला तीन माणसं सापडत नव्हती हो.”

“लांबी उकरून काढली तर?” मिस्तरींनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

म्हातारीने उत्तर द्यायच्या ऐवजी पटाशी त्यांच्या हातात दिली. मिस्तरींनी ती बयेच्या गालावर टेकवली. आतले काठ त्यांनी स्वतःच रेघेसारखे कापले होते. लांबी काढली तर बयेला टपालपेटीसारखं तोंड निघालं असतं. त्यांनी आयुष्यभर सरळ रेघ मारली होती, आणि वाकडी रेघ मारायला काय लागतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पटाशी परत केली.

म्हातारी आता त्यांच्याकडे जरा मायेने बघत होती. तिने मूर्ती त्यांच्या हातांत ठेवली आणि दोनच वाक्यं बोलली.

“ती म्हणते, रंग लावू नका, तेल लावू नका, उघड्यावर ठेवा. लाकडात अजून हसू असेल तर येईल.”

“कधी येईल?”

गाईडबाईंनी विचारलं. म्हातारीने खांदे उडवले.

“ती म्हणते, मी काय लाकूड आहे?”

विमानात मिस्तरींनी बयेला मांडीवर घेतलं. बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. “हिला कशाला आणलीत?”

“उघडेल,” मिस्तरी म्हणाले.

“उघडली तर बघू,” बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून ढग बघत बसल्या.

घरी आल्यावर बाई रुसून वगैरे बसल्या नाहीत. तेवढा वेळ कोणाला असतो? भाजी कुठली आणायची, गोळी घेतली का, दाराची कडी लावली का, सगळं बोलायच्या. फक्त हसायच्या नाहीत. हात धरूनही नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाची गोष्ट त्या पाहुण्यांना आताही सांगायच्या, डॉक्टरांचं दार, वकिलांचं दार, पण पाढे म्हटल्यासारखी. घरात काय कमी झालंय ते सून आल्या आल्या ओळखून गेली आणि सासऱ्यांकडे डोळे वटारून बघू लागली.

मिस्तरी बयेच्या मागे लागले. सकाळी तिला गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यावर ठेवायचे, दुपारी टाकीवर, चार वाजता पश्चिमेला. ऊन सरकेल तशी बया सरकायची. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर खिडकीतून ओरडायचे, “काय मिस्तरी, बाई वाळत घातली का?” मिस्तरी बयेला आणखी थोडं उन्हात सरकवायचे. रोज ते तिच्या गालावरून नख फिरवायचे. नख अडकायचं नाही. ज्या कामाची त्यांनी मांडवात आणि दवाखान्यात जाहिरात केली होती, ते काम नेमकं तितकंच पक्कं निघालं होतं. आपण भरलेली एक तरी फट उघडू दे, असं ते देवाकडे मागू लागले. देवालाही असं गाऱ्हाणं पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असेल.

एका सकाळी त्यांनी माळ्यावरची फोटोंची पेटी खाली काढली. दुकानाचा फोटो सापडला. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले आणि स्वतः मिस्तरी पाटीखाली छाती काढून उभे. पुढे मुलाचं बारसं, शाळेचं बक्षीस, मुलाचं लग्न, नातवंडाचा पहिला वाढदिवस. प्रत्येक फोटोत बाईंचा हात तोंडावर. चाळीस वर्षांत एकाही फोटोत हसू दिसत नव्हतं, सगळ्यांत पंजा. मिस्तरी पेटीपाशी बसून रडले. मग फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेले.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “तेव्हाही आणि आताही.”

बाई भांडी पुसत होत्या. “हं,” म्हणाल्या. “ती पेटी परत माळ्यावर ठेवा. वाटेत येते.”

हिवाळा गेला, उन्हं तापली. आठ महिने झाले तरी बया मुकीच. गच्चीवर ठेवून ठेवून तिचा तांबूस रंग उडाला, पण तोंडाचं नाव नाही. शेवटी मिस्तरींनी हार मानली आणि तिला खाली आणून डॉक्टरांच्या दाराच्या कपाटावर बसवलं. बाईंना तिचं तोंड दिसू नये म्हणून भिंतीकडे वळवून.

दोन दिवसांनी दुपारी दोघं जेवायला बसले होते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मिस्तरी दुसरा भात मागणार तेवढ्यात कपाटावर ‘टक्’ असा आवाज झाला. लाकूड तडकल्याचा आवाज मिस्तरींनी झोपेतही ओळखला असता.

ते ताटावरून तसेच उठले. खुर्ची मागे पडली. डाव्या हाताने त्यांनी बयेला खाली काढून वळवलं आणि टेबलावर ताटांच्या मध्ये ठेवलं.

त्यांनी भरलेली लांबी जागची तसूभरही हलली नव्हती. लाकूड तिच्या वरून फुटलं होतं. तडा एका नाकपुडीपासून निघाला होता, गाल ओलांडून वर चढला होता आणि डोळ्याला वळसा घालून कानामागे गेला होता. पहिल्यापेक्षा मोठा, पहिल्यापेक्षा वाकडा. आणि उघडलेल्या तोंडाच्या खालच्या काठावर मिस्तरींच्या लांबीचा एक उघडा पडलेला तुकडा, गुळगुळीत, सरळ, उरलेल्या एकुलत्या एका दातासारखा उभा होता. पूर्वी बया चावट काहीतरी ऐकून हसत असेल. आता ती सरळ मिस्तरींना हसत होती.

मिस्तरींचा हात सवयीने खिडकीतल्या सरसाच्या डब्याकडे गेला. वाटेतच त्यांनी तो मागे घेतला.

बाईंनी ते पाहिलं. त्यांनी बयेकडे पाहिलं, त्या दाताकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. खांदे गदगदायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, पेला आडवा झाला. समोरच्या खिडकीत पोस्टमास्तर दुपारची झोप मोडून उठून आले.

हसता हसता बाईंचा हात वर निघाला.

मिस्तरींनी तो मनगटापाशी धरला. घट्ट नाही, नुसता धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “फट दिसू दे.”